खाकी पिशवीतली पुस्तके

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एक मुलगा सार्वजनिक ग्रंथालयातून घरी येताना पुस्तके खाकी कागदाच्या पिशवीत लपवून आणत असे. हातात पुस्तक दिसले की गल्लीतली पोरे चिडवायची. बास्केटबॉल खेळणारा, मारामारीत मागे न हटणारा हा पोरगा पुस्तके वाचतो, हे चारचौघांत कळले असते तर त्याची इज्जत गेली असती. म्हणून ती पिशवी. वरून पाहणाऱ्याला वाटावे, पोरगा किराणा घेऊन चालला आहे.

हाच मुलगा पुढे वॉल्टर डीन मायर्स या नावाने ओळखला गेला. किशोरवयीन आणि तरुण वाचकांसाठी त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. आमच्या घरी त्यांचे पहिले पुस्तक पुतणीने आणले. मग आम्हा नवरा-बायकोला नाद लागला. इंग्रजी आमची शाळेपुरती, त्यामुळे फोनवर शब्द शोधत, रात्री ईशाच्या नमाजनंतर थोडे थोडे असे वाचन चालले. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी लिहीत होता, पण त्याचे दुखणे आमच्या घरातल्या मुलांपासून फार लांबचे नाही.

मायर्स यांचा जन्म १९३७ साली वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग या गावी झाला. ते अगदी लहान असताना आई गेली. वडील गरीब आणि पदरात मुले बरीच. वडिलांचे आधी एक लग्न झाले होते. त्या पहिल्या पत्नीचे नाव फ्लोरेन्स. ती वेगळी होऊन हर्बर्ट डीन नावाच्या माणसाशी लग्न करून हार्लेममध्ये राहत होती. ती आपल्या दोन मुलींना न्यायला आली आणि जाताना या आईवेगळ्या पोरालाही सोबत घेऊन गेली. म्हणजे ज्या बाईने त्यांना वाढवले तिचे त्यांच्याशी रक्ताचे नाते नव्हते, आणि तिच्या नवऱ्याचे तर मुळीच नव्हते. पण अम्मी-अब्बा म्हणून त्यांनी आयुष्यभर याच दोघांना मानले. जन्मनाव वॉल्टर मिल्टन मायर्स असे होते. लेखक झाल्यावर त्यांनी मधले नाव बदलून ‘डीन’ घातले, या दोघांच्या उपकाराची खूण म्हणून. जन्मदात्या बापाचे ‘मायर्स’ मात्र तसेच ठेवले. आपल्या शरीअतमध्ये सांभाळायला घेतलेल्या मुलाने आपल्या खऱ्या बापाचेच नाव लावावे असे सांगितले आहे. मायर्स ख्रिस्ती वातावरणात वाढले, त्यांना हा मसला ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी त्यांच्या नावात दोन्ही घरांचा मान राहिला, याचे आम्हाला बरे वाटले.

फ्लोरेन्स फारशी शिकलेली नव्हती. कामावरून आली की ती प्रेमकथांची स्वस्त मासिके वाचत बसे, आणि वाचताना मांडीवरच्या पोराला दिसेल असे ओळीवरून बोट फिरवी. शाळेत जाण्याआधीच पोरगा वाचू लागला. मग उलटे झाले. ती घरकाम करी आणि तो तिला वाचून दाखवी. मुलांच्या हातात काय द्यावे, काय देऊ नये यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते, आणि ती व्हावीच. पण या घरातली सुरुवात त्या फालतू मासिकांवरच झाली.

शाळेत गेल्यावर मात्र अडचण आली. मुलाच्या बोलण्यात दोष होता. काही उच्चार नीट येत नसत, वर्ग हसे, मग हा मुठी उगारे. पाचवीत असताना वर्गात चोरून कॉमिक वाचताना तो पकडला गेला. बाईंनी कॉमिक फाडून टाकले. इथवर आपल्या शाळांतही घडते. पुढचे घडत नाही. त्या बाईंनी घरून चांगल्या पुस्तकांचा गठ्ठा आणला आणि वाचायचेच असेल तर हे वाच म्हणून त्याच्या पुढ्यात ठेवला. वर्गासमोर मोठ्याने वाचण्याची वेळ आली की त्याने स्वतःच्या कविता लिहून वाचाव्यात, अशीही मुभा मिळाली. मग तो जे उच्चार जमत नाहीत ते टाळून कविता लिहू लागला. त्यांचे लेखन असे जिभेच्या अडचणीतून सुरू झाले.

हुशारीच्या जोरावर स्टायव्हेसंट या नावाजलेल्या हायस्कुलात प्रवेश मिळाला. तिथे इतर मुले कॉलेजच्या गोष्टी करत. याला कळून चुकले की घरच्या पैशात कॉलेज होणे नाही. मग शाळेला दांडी मारून बागेत झाडाखाली वाचत बसणे सुरू झाले. शेवटी शाळा सुटली आणि १९५४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो सैन्यात भरती झाला. तीन वर्षांनी बाहेर पडल्यावर टपाल खात्यात, मालाच्या धक्क्यावर, बांधकामावर अशी मिळतील ती कामे केली. हायस्कुलातल्या एका शिक्षिकेने जाता जाता त्याला सांगितले होते की काहीही झाले तरी लिहिणे सोडू नकोस. बांधकामावर घाम गाळताना त्याला ते आठवले आणि रात्री पुन्हा लिहायला बसू लागला. १९६८ साली वेगवेगळ्या वंशांच्या मुलांसाठीची पुस्तके पुढे आणणाऱ्या एका परिषदेची स्पर्धा त्याने जिंकली. पुढच्या वर्षी लहान मुलांचे चित्रपुस्तक निघाले, आणि १९७५ मध्ये किशोरांसाठीची पहिली कादंबरी. मधली काही वर्षे प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी होती. १९७७ मध्ये ती गेली, तेव्हापासून फक्त लेखन. रोज ठरलेली पाने लिहिल्याशिवाय उठायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

मायर्स लहानपणी खूप वाचत, पण त्या पुस्तकांत त्यांच्यासारखे कोणी नसे. राजपुत्र, खलाशी, इंग्लंडमधली घराणी सगळे होते. हार्लेमचा जिना, भाड्याची खोली, चर्चच्या तळघरात चालणारा बास्केटबॉल नव्हता. मुलगा मोठा होत गेला तसे त्याला वाटू लागले की आपली गल्ली पुस्तकात येण्याच्या लायकीची नाही. आणि मग पुस्तकेच परकी वाटू लागली. पुढे जेम्स बाल्डविन या हार्लेमच्याच लेखकाची एक कथा वाचनात आली. ती कथा त्यांना फार आवडली असे नाही, पण आपल्या वस्तीविषयी लिहायची जणू परवानगी मिळाली, असे त्यांनी नंतर सांगितले. पुढे बाल्डविनशी भेट झाली तेव्हा हे त्यांना बोलूनही दाखवले.

परवानगी हा शब्द आम्हाला एरवी जास्तीचा वाटला असता. पण आमची मुलगी मराठी माध्यमात सातवीत आहे. शाळेत ‘सुट्टीतील साहस’ असा काहीसा विषय गोष्टीसाठी दिला होता. तिने चार पाने लिहिली, आणि छान लिहिली. विहीर, हरवलेली बकरी, अंधार. गोष्टीत मुलगा रोहन आणि त्याची बहीण प्राची. विहीर मात्र आमच्या आजोळची, बकरी मामूंची, आणि बकरी शोधायला जाणारी ती स्वतः आणि तिचा भाऊ. आम्ही विचारले, “बेटा, मग नावं आपली का नाही घातलीस?” ती म्हणाली, “अम्मी, गोष्टीत अशी नावं नसतात ना.” तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. शुद्धलेखनाचा नियम सांगावा तसे सांगितले.

मग आम्ही तिची गोष्टींची पुस्तके काढून बसलो. मुसलमान माणसे त्यांत होती, नाही असे नाही. ईदच्या धड्यात होती, शिरखुर्म्याची वाटी घेऊन. एक चाचा होते, अत्तर विकणारे. धडा संपला की ते निघून जात. रहस्य शोधणारा, परीक्षेत नापास होणारा, सायकलवरून पडणारा, वर्गात खोड्या काढणारा अस्लम कुठे भेटला नाही. मराठीत लिहिणारे मुसलमान नाहीत असे कोण म्हणेल? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत परंपरा आहे. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही भरले. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठीचे कपाट उघडले की ते बरेचसे रिकामेच दिसते.

मायर्स यांनी मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालसाहित्य केंद्राचा आकडा त्यांनी पुढे ठेवला होता: २०१३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सुमारे ३,२०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय माणसांविषयीची पुस्तके फक्त ९३. पंचेचाळीस वर्षे लिहून, शंभर पुस्तके करून, देशाच्या बाल-किशोर साहित्याचे राष्ट्रीय दूत म्हणून २०१२-१३ अशी दोन वर्षे गावोगाव फिरून आल्यानंतर हा माणूस हे लिहितो. लहानपणची ती रिकामी जागा अजून भरलेली नव्हती. त्यांचा मुलगा क्रिस्तोफर चित्रकार आहे. बापाची पुस्तके त्याने सजवली आहेत. त्यानेही त्याच अंकात याच विषयावर लिहिले. तीन-साडेतीन महिन्यांनी, १ जुलै २०१४ रोजी, मायर्स वारले.

त्यांची सगळीच पुस्तके सारखी उतरलेली नाहीत. इतके लिहिणाऱ्याचे तसे होणारच. काही घाईची वाटतात. पण १९९९ चे ‘मॉन्स्टर’ आम्ही संपवले आणि बराच वेळ दोघेही गप्प होतो. स्टीव्ह हार्मन हा हार्लेमचा सोळा वर्षांचा मुलगा. औषधाच्या दुकानात दरोडा पडतो, मालक मारला जातो, आणि या कटात स्टीव्हनेही भाग घेतला असा आरोप होतो. सरकारी वकील त्याला राक्षस म्हणते. स्टीव्हला सिनेमाचा नाद आहे. तुरुंगात भीतीने वेड लागू नये म्हणून तो स्वतःचा खटला पटकथेसारखा लिहून काढतो आणि मधे मधे रोजनिशी. पुस्तक तसेच छापले आहे, एक भाग पटकथा, एक भाग हाताने लिहिल्यासारखी वही. मायर्स यांनी यासाठी कैद्यांशी बोलणी केली होती. त्यांच्या लक्षात आले की ही माणसे बालपणाविषयी ‘मी’ म्हणून बोलतात, पण गुन्ह्याची वेळ जवळ आली की दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसे लांबून बोलू लागतात. पटकथेचा घाट त्यातून आला.

स्टीव्ह सुटतो. आनंदाने तो आपल्या वकीलबाईंना मिठी मारायला जातो आणि त्या तोंड फिरवतात. खटला त्यांनीच जिंकून दिलेला. पण त्यांना त्याच्यात काय दिसले? स्टीव्ह हा प्रश्न घेऊन घरी जातो. त्याचा बापही आता त्याच्याकडे पूर्वीसारखा पाहत नाही. स्टीव्ह त्या दुकानात गेला होता की नाही, लेखक शेवटपर्यंत सरळ सांगत नाही. आम्हा दोघांत यावर एकमत झाले नाही, अजूनही नाही. वाईट संगतीत उभा राहिलेला मुलगा किती दोषी, हा प्रश्न लेखकाने वाचकावर सोडला आहे आणि मुलाला सोयीस्कर निर्दोषही केलेले नाही. आरोप सिद्ध होण्याआधी माणसाकडे कशा नजरेने पाहिले जाते हे मात्र लख्ख दिसते. नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलणे म्हणजे काय, ते या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. या पुस्तकाला २००० साली प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. किशोर साहित्यासाठीचा हा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. तुरुंगातले काही प्रसंग कठोर आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते एकट्याने वाचायला देऊ नये असे आमचे मत आहे, सोबत बसून वाचावे.

त्यांचा धाकटा भाऊ १९६८ मध्ये व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला. त्या दुःखावर ‘फॉलन एंजल्स’ ही कादंबरी यायला वीस वर्षे लागली, ती १९८८ ची. त्यातल्या शिव्यांमुळे अमेरिकेतील अनेक शाळांत तिच्यावर आक्षेप आले. युद्धात सभ्य भाषा कुठून आणायची? २००८ मध्ये त्यांनी इराक युद्धावर ‘सनराइज ओव्हर फलूजा’ लिहिली. नायक हा आधीच्या नायकाचा पुतण्या. इराकी लोकांशी संबंध जोडण्याचे काम असलेल्या तुकडीत तो आहे. हे पुस्तक आम्ही मोठ्या आशेने उघडले. प्रामाणिक आहे, युद्धाचा गौरव कुठेही नाही. पण फलूजा-बगदादची माणसे त्यात येतात ती बहुतेक वेळा अमेरिकन सैनिकाच्या डोळ्यांनी पाहिलेली. आपल्या मुलांसाठी मायर्स जे मागत होते ते इराकी पोरांच्या वाट्याला या पुस्तकात थोडेच आले. ती जागा इराकी लेखकानेच भरावी लागेल, हेही खरे. माल्कम एक्स आणि मुहम्मद अली यांची त्यांनी मुलांसाठी लिहिलेली चरित्रे मात्र आपल्या घरांत जरूर असावीत.

आता हर्बर्ट डीन यांच्याविषयी. सफाईची, ओझ्याची कामे करणारा हा बाप रात्री मुलांना भुताखेतांच्या गोष्टी अशा रंगवून सांगे की पोरे घाबरून पांघरुणात शिरत. मुलगा लेखक झाला, पुस्तके छापून येऊ लागली. प्रत्येक पुस्तक तो बापाला नेऊन देई. बाप घेऊन ठेवी, आणि त्यावर कधी एक शब्द बोलत नसे. मायर्स यांना हे फार लागले. अब्बांना आपले काम आवडत नाही, असेच ते धरून चालले. वडील वारल्यावर कागदपत्रे पाहताना उलगडा झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आयुष्यभर त्यांनी ते लपवले होते. पोराने पुस्तके खाकी पिशवीत लपवली, तसे बापाने हे लपवले.

हे वाचले त्या रात्री आम्ही पुस्तक मिटले. आमचे दादा कोर्टाच्या कागदावर अंगठा देत. दादींना कुरआन शरीफ नाजिरा वाचता येतो, रमजानमध्ये त्या खत्म करतात, पण मराठीचे अक्षर त्यांना येत नाही. नातीची पाठ थोपटतात, वही हातात घेऊन उलटतात, परत देतात. त्या काही बोलत नाहीत याचे आम्हाला कधी नवल वाटले नव्हते. मुलीला मात्र वाटत असेल.

तेव्हापासून आमच्याकडे मोठ्याने वाचणे सुरू झाले. इंग्रजी पुस्तक असले तर आम्ही आपल्या बोलीत सांगत जातो. परवा मायर्स यांच्या ‘नाऊ इज युअर टाइम!’ या १९९१ च्या इतिहासाच्या पुस्तकातून अब्दुर्रहमान इब्राहिमा यांची हकिकत काढली. पश्चिम आफ्रिकेतल्या फुता जालोनच्या अलमामींचा हा मुलगा, टिंबक्टूत शिकलेला, घोडदळाचा सरदार. १७८८ मध्ये लढाईत पकडला गेला आणि गुलामांच्या जहाजातून मिसिसिपीच्या नॅचेज गावी विकला गेला. आफ्रिकेतून विकले गेलेले मलिक अंबर आपल्या दख्खनेत आले आणि त्यांनी खडकी शहर वसवले. इब्राहिमा कापसाच्या शेतात राबले. पळून जंगलात गेले, परत आले. १८०७ मध्ये बाजारात भाजी विकताना एक गोरा डॉक्टर समोर आला. याच डॉक्टरला आजारपणात इब्राहिमांच्या वडिलांनी आपल्या घरी ठेवून घेतले होते. त्याने यांना ओळखले, सोडवायला पैसे देऊ केले. मालक बधला नाही. १८२६ मध्ये इब्राहिमांनी अरबीत एक पत्र लिहिले. ते फिरत फिरत मोरोक्कोच्या सुलतानापर्यंत गेले आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत बोलणी झाली. १८२८ मध्ये, चाळीस वर्षांनी, ते सुटले. मुलांना सोडवण्यासाठी त्यांनी शहरोशहरी फिरून पैसे गोळा केले. लोक कौतुकाने त्यांच्याकडून अरबीत ख्रिस्ती प्रार्थना लिहून मागत, आणि ते सूरह फातिहा लिहून देत.

इथे दादी खळखळून हसल्या. मग पुढे विचारले, “मग पोचले का गं ते घरी?”

नाही पोचले, आम्ही सांगितले. १८२९ मध्ये बायकोला घेऊन जहाजाने लायबेरियाला उतरले आणि काही महिन्यांतच तापाने गेले. गाव तिथून पुढे लांब होते.

“आणि लेकरं?”

दोन मुलगे सुटले, बायकापोरांसह. आईकडे जाऊन पोचले. बाकीचे तिथेच राहिले.

दादींनी तस्बीह हातात घेतली, आणि मुलीला म्हणाल्या, “तुझी ती बकरीची गोष्ट आण बघू. ती कुणी वाचून नाही दाखवली मला.”